आडवी होत जाणारी रेघ

"वाकली, रेघ वाकली," पुढच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं आणि ते शब्द बाकांवरून मागे सरकत थेट दारापर्यंत पोचले. बंद पडलेल्या व्यायामशाळेचं ते सभागृह खच्चून भरलं होतं. भिंतीतल्या लोखंडी कड्या अजून तशाच होत्या. खिडक्या पार छताजवळ, त्यांनाही जाळ्या. दाराला आतून कडी. सभा चालू असताना कुणी आत-बाहेर केलं तर रेघांची लय बिघडते, असा नियम होता. पंखेसुद्धा बंद. वाऱ्यानेही लय बिघडायची म्हणे.

समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या पांढऱ्या फळ्या ओळीने टांगल्या होत्या. एकेका फळीवर एकेका रोग्याच्या आजाराची लाल रेघ. कुणाची साखरेची, कुणाची मूत्रपिंडाची, कुणाची आणखी कशाची. रोग वेगळे, पण रेघांची तऱ्हा एकच: आधी शिडीसारखी उभी, मग कलती, आणि शेवटी शेवटी दमून पडल्यासारखी जवळजवळ आडवी. नवा ठिपका पडला, रेघ आणखी वाकली, की सभागृह डोळे पुसायचं.

या सगळ्याचा कर्ता म्हणजे रेषागुरू. दाढी नाही, माळ नाही, भस्म नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. म्हणूनच शिकलेली माणसं आधी फसली.

"मी आजार बरा करत नाही," ते म्हणायचे. "बरं करतो म्हणणारे भोंदू असतात. मी आजाराचा वेग मारतो. रक्त हवं तिथं तपासून आणा, माझी प्रयोगशाळा नाही. आकडे त्यांचे, फळी माझी. आधी आजार आडवा पडेल, मग उतरेल. आणि एकदा आडवा पडलेला किती सहज उठतो, हे तुम्ही सुट्टीच्या सकाळी घरोघर बघताच."

लोक हसायचे. मग निळ्या बाटल्यांतून 'स्थिरजल' वाटलं जायचं. दिवसभरात एक बाटली संपवायची, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या, आणि दर महिन्याला आकडा आणून द्यायचा.

तिसऱ्या फळीखाली खुर्चीवर बसलेल्या माणसाला डेपोत हळूभाऊ म्हणत. शहर बसचा चालक. ब्रेक इतका अलगद लावायचा की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळू नये. दोस्त म्हणायचे, "याची गाडी थांबली हे उतरल्यावर कळतं." पण आता बरेच महिने तो रजेवर होता. मूत्रपिंडं दगा देत होती. रक्तातली जी घाण त्यांनी बाहेर टाकायची, तिचा आकडा धडधाकट माणसात एकाच्या आसपास असतो. त्याचा आधी दोन निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "नीट सांभाळलंत तर रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला बरीच वर्षं लांब ठेवू."

यंत्र हा शब्द ऐकला आणि त्याच्या बायकोने डॉक्टरांचं नाव घेणंच सोडलं. तिचे वडील त्या यंत्राला जोडलेले असतानाच गेले होते. रक्त नळीतून बाहेर जाताना तिने पाहिलं होतं, आणि त्यानंतर ती कधी रुग्णालयाच्या रस्त्यानेही गेली नव्हती. रेषागुरूंचं नाव तिच्या कानावर आलं तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं नाही, हाताला धरून आणलं.

हळूभाऊ सहजासहजी भुलणारा नव्हता. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "आकडा तर वाढतोच आहे की, गुरुजी. दोनाचा तीन झाला."

गुरूंनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "तुम्ही गाडी चालवता ना? ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबते?"

"नाही."

"आधी वेग उतरतो. पण उतरत्या वेगातही गाडी पुढे जातच असते. तुमचा आकडा पुढे जातोय, पण वेग उतरतोय. तुम्ही आकडा बघू नका, रेघेचा उतार बघा. आकडा हा आजाराचा अहंकार आहे."

बाकीचं सोडा, ब्रेकचं त्याला पटलं. आपल्याच धंद्यातला दाखला कोणी दिला की माणूस मान डोलावतो.

त्यानंतर आकडा चार झाला, मग पाच. भिंतीवरची रेघ मात्र दर वेळी कमी चढत गेली. पण आता त्याचे पाय सुजून बुटात जात नव्हते. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. जिना चढताना मजल्यागणिक कठडा धरून उभं राहावं लागे. घरी त्याने तसं सांगितलं की बायको भिंतीवरची छोटी फळी दाखवायची. मोठ्या फळीची ती हुबेहूब नक्कल होती आणि घरोघर दिलेली असायची.

"अहो, रेघ बघा ना. किती छान वाकलीय."

"रेघ वाकली असेल. मला श्वास लागतो."

"तो मनाचा खेळ आहे. गुरुजी म्हणालेत, आजार जाताना लाथा झाडतो."

त्याने गुरूंनाच सांगून पाहिलं. गुरू म्हणाले, बरं वाटत नाही हे उत्तम लक्षण. पुढच्या सभेत एक म्हातारे म्हणाले, मला अगदी बरं वाटतंय. गुरू म्हणाले, हेही उत्तम लक्षण. त्या दिवशी हळूभाऊला पहिल्यांदा वाटलं की आपण अशा बोळात गाडी घातलीय जिथे वळवायला जागा नाही आणि मागे गर्दी लागलीय. कारण आता केवळ बायको नव्हती. डेपोचे साहेब सभेला येत, त्यांच्याच ओळखीने रजा वाढत होती. खालच्या मजल्यावरचे घरमालक रोज जिन्यात थांबून विचारत, "आज बाटली घेतली ना?" सगळी माणसं मायेनेच विचारत होती. त्यांच्यापैकी कुणावर ओरडावं हेच त्याला समजेना.

अशात त्याची मोठी बहीण आली. ती दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवायची. दारात उभ्या भावाला पाहून तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. चहा झाल्यावर तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"डॉक्टरांकडे कधी गेला होतास?"

"ताई, त्यांची रेघ आडवी येतेय," बायको घाईघाईने म्हणाली आणि भिंतीवरची छोटी फळी उतरवून आणली.

ताईने फळी खिडकीपाशी नेली. लाल रेघ ठसठशीत होती. कडेचे आकडे मात्र फिकट पिवळे, उन्हात धरल्याशिवाय न दिसणारे. तिने ते वाचले आणि बोटाने अंतरं मोजली. एक ते दोन जेवढं अंतर, तेवढंच दोन ते चार. तेवढंच चार ते आठ. तेवढंच आठ ते सोळा.

"तुझे आकडे सांग. ओळीने."

"दोन, तीन, चार, पाच. कालचा सहा आला."

"दर महिन्याला?"

"हो."

"म्हणजे दर वेळी एकाने वाढला. बरोबर? आता मला सांग, तुझी गाडी पहिल्या मिनिटात एक थांबा पुढे गेली, दुसऱ्या मिनिटात एक, तिसऱ्यात एक, चौथ्यातही एक. थांबे सारख्या अंतरावर. ब्रेक लागलाय का?"

हळूभाऊने फळीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "नाही. वेग तोच आहे."

"तोच आहे. या फळीवर वरची घरं आखडून टाकलीत. खाली एकाने वाढलं तर चार बोटं जागा, वर एकाने वाढलं तर एक बोट. सारख्या वेगाने वाढणारी कुठलीही गोष्ट हिच्यावर आडवी होताना दिसणार." तिने आपल्या पिशवीतून चौकटीचा कागद काढला, सारख्या अंतरावर आकडे लिहिले आणि तेच ठिपके मांडले. पट्टीने जोडली तर सरळ चढत जाणारी रेघ, कुठेही न वाकलेली.

बायकोने तो कागद बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "तुम्ही मुद्दाम वाईट काढलीत, ताई. दोन रेघा, दोन माणसांनी काढलेल्या. मी तुमचीच खरी का मानू? तुमची खरी मानली तर यांना यंत्राला बांधायचं. माझ्या वडिलांसारखं." ती फळी छातीशी धरून आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ताई हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मुलांना ती नेहमी सांगायची की आलेख खोटं बोलत नाही. आता समोर दोन आलेख होते, आकडे एकच, आणि घाबरलेल्या बाईला त्यातला सोसवेल तोच खरा वाटत होता.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर रुग्णालयात चल," ती भावाला म्हणाली.

"उद्या सभा आहे. माझ्या रेघेचा सत्कार आहे." तो थकून हसला. "मी आलो नाही तर ही त्या गर्दीत एकटी पडेल. आणि एकटी पडली तर कायमची त्यांचीच होईल. तिला इथे सोडून मी जाणार कसा?"

दुसऱ्या दिवशी त्याला व्यासपीठावर चढवायला दोघांनी काखेत हात घातले. ताईला पायऱ्यांपाशी अडवलं. "फक्त रोगी वर," स्वयंसेवक म्हणाला. बायको पहिल्या रांगेत, हात जोडून. दाराची कडी पडली.

ठिपका मांडायचं काम एका निवृत्त अभियंत्यांकडे होतं. पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलेला सज्जन माणूस. त्यांची स्वतःची साखरेची रेघही भिंतीवर होती. त्यांनी सहाचा ठिपका काळजीपूर्वक ठेवला आणि जोडला. रेघ आणखी कलली. सभागृहाने उसासा सोडला.

"बघा," रेषागुरू म्हणाले. "जिथे विज्ञान हात टेकतं तिथे रेघ मान टेकते. सांगा हळूभाऊ, कसं वाटतंय?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. हळूभाऊने जाळीच्या खिडक्यांकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. खाली उतरून बाहेर पडायचं तर त्या सगळ्या बाकांमधून जावं लागणार होतं, आणि प्रत्येक बाकावरून मायेचा एकेक हात पुढे येणार होता. त्याच्या बाजूच्या टेबलावर स्थिरजलाची मोठी काचेची बरणी होती, वाटून तळाशी आलेली. शेजारी जवळजवळ भरलेली कळशी आणि पेला. तो बरणीकडे जरा वेळ बघत राहिला.

"मला बरं वाटत नाही," तो म्हणाला. "पण ते असू दे. गुरुजी, एक इच्छा आहे. या बरणीची एक रेघ काढून द्याल?"

गुरू हसले. "बरणीला कसला आजार?"

"आजार नाही. मी हिच्यात एकेक पेला पाणी ओततो. किती पेले झाले ते हे अभियंता साहेब फळीवर मांडतील. आपलीच फळी, आपलेच साहेब."

"ही काय खेळायची वेळ आहे?"

पण लोकांना गंमत वाटली, आणि अभियंत्यांनी तोवर कोरी फळी पुढे ओढलीसुद्धा. "काढतो की. दोन मिनिटांचं काम." भरल्या सभेत गुरूंना नाही म्हणता येईना.

हळूभाऊने बरणीतलं उरलंसुरलं पाणी कळशीत ओतून ती रिकामी केली. एक पेला ओतला. ठिपका. दुसरा ओतला, आणि रेघ वीतभर उसळली. तिसरा, चौथा. पेला दर वेळी काठोकाठ भरायचा आणि सगळा बरणीत जायचा. पाचव्याला रेघ कलायला लागली. आठव्यापर्यंत तिची शिडी मोडली होती. मागच्या बाकांवरची माणसं उभी राहिली.

"साहेब, रेघ काय सांगते?" त्याने विचारलं.

"वाकतेय," अभियंते म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचा हात जरा थबकला.

"म्हणजे पाणी चढायचं थांबत आलं?"

त्याने पुन्हा पेला भरला. नववा, दहावा, अकरावा. बरणीत पाणी गळ्याला लागलं. फळीवर बारावा ठिपका अकराव्याच्या जेमतेम अंगठाभर वर बसला. गुरूंच्या कितीतरी भक्तांच्या रेघा याहून कमी आडव्या होत्या.

"आडवी झाली," हळूभाऊ म्हणाला आणि तेरावा पेला ओतला.

पाणी काठावरून सांडलं, टेबलावर पसरलं, कडेवरून ओघळून अभियंत्यांच्या पायावर आणि गुरूंच्या पांढऱ्या चपलांवर पडलं. इतक्या शांततेत त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"मी दर वेळी एकच पेला ओतला," हळूभाऊ धापा टाकत म्हणाला. "कमी नाही, जास्त नाही. हात हळू केला नाही. फळी म्हणाली, पाणी थांबलं. बरणी भरून वाहिली. माझंही तसंच चाललंय. माझी बरणी किती राहिलीय मला माहीत नाही."

रेषागुरू सावरले. "पाण्याला श्रद्धा नसते," ते म्हणाले. "श्रद्धा असलेल्याच्या रेघेला हा नियम लागू नाही."

"पण रेघ तर तीच आली, गुरुजी," पायऱ्यांवरून ताई म्हणाली. "श्रद्धेशिवाय. मग श्रद्धेने वेगळं काय केलं?"

अभियंते फळीजवळ वाकले होते. त्यांनी चष्मा पुसला, फिकट पिवळे आकडे बोटाने शोधत खालून वर गेले आणि मोठ्याने वाचले, "एक. दोन. चार. आठ. सोळा." मग ते लोकांकडे वळले. "अशी मोजपट्टी असते. आम्हीही कामात वापरायचो. ती खोटी नाही, पण हिच्यावर रेघ वाकली म्हणजे वाढ थांबली असं होत नाही. मला फळ्या तयार मिळायच्या. मी नेमाने ठिपके ठेवत गेलो. माझी रेघ वाकतेय याचा मला इतका आनंद होता की मी कडेला काय आहे ते वाचलं, पण त्याचा अर्थ लावला नाही." ते आपल्या स्वतःच्या फळीपाशी गेले आणि ओठ हलवत आपले आकडे पुन्हा मोजू लागले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काही माणसं उठून आपापल्या फळ्यांकडे धावली. काहींनी मात्र हळूभाऊलाच बोल लावले. एक बाई रडत म्हणाली, "आमच्या चांगल्या चाललेल्या रेघा नासवल्यास तू." दोन स्वयंसेवक दाराशी उभे राहिले. लय सावरेपर्यंत कुणी जायचं नाही, असं गुरू सांगत होते. हळूभाऊ टेबलाला धरून उभा होता आणि त्याला समोरचं दार लांब लांब जाताना दिसत होतं.

तेव्हा त्याची बायको उठली. ती व्यासपीठावर आली नाही, त्याच्याशी बोललीही नाही. सरळ दाराकडे चालत गेली. स्वयंसेवक म्हणाला, "वहिनी, अजून सभा संपली नाही."

"बाजूला हो," ती म्हणाली. "त्यांना श्वास लागलाय." आणि तिने कडी काढली.

रुग्णालयात त्याला त्याच दिवशी यंत्राला जोडलं. इथे गोष्ट गोड करून सांगायचा मोह होतो, पण झालं ते असं: मधले महिने गोळ्यांशिवाय आणि बाटल्या रिचवण्यात गेले होते. जे यंत्र वर्षानुवर्षं लांब ठेवता आलं असतं ते आता कायमचं मागे लागलं. बस चालवणं सुटलं. डेपोत त्याला नव्या चालकांना शिकवायचं काम मिळालं, आठवड्यातून तीन दिवस यंत्र, उरलेले दिवस डेपो. तो जिवंत आहे. त्याच्या शेजारच्या फळीवरचा माणूस नाही.

अभियंते पुढे बरेच दिवस चौकटीचे कागद घेऊन त्या सभेतल्या माणसांच्या घरी जात राहिले. काहींनी दार उघडलं, काहींनी नाही. रेषागुरूंनी सभागृह सोडलं. दुसऱ्या एका शहरात ते आता फळ्यांऐवजी पडद्यावर रेघा दाखवतात असं ऐकू येतं. पडदा मोठा आहे म्हणे.

बायको पहिले काही दिवस यंत्राच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि संगणकावर आलेख दाखवला. रक्तातला आकडा यंत्रामुळे खाली आला होता. रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली उतरली होती.

"बघा, किती फरक पडलाय," डॉक्टर म्हणाले.

ती पडद्याजवळ गेली. एवढी जवळ की नाक काचेला लागावं. "डॉक्टर, ही पट्टी चारापासून का सुरू होते? शून्य कुठे आहे?"

डॉक्टर गोंधळले. मग त्यांनी नीट पाहिलं. "खरंय. संगणक आपोआप तसं काढतो. त्यामुळे उतार आहे त्याहून मोठा दिसतोय." त्यांनी शून्यापासून आलेख काढून दिला. रेघ तरीही उतरत होती, पण साध्या माणसासारखी, जिना उतरावा तशी.

"आता पटलं," ती म्हणाली आणि नवऱ्याजवळ जाऊन बसली. नळीतून रक्त जाताना तिने त्या दिवशी तोंड फिरवलं नाही.

वाचकहो, ती डॉक्टरांवर अविश्वास दाखवत नव्हती. विश्वास ठेवण्याआधी बघून घेत होती, आणि डॉक्टरांनी बघू दिलं. खऱ्या जाणकाराला प्रश्न विचारला तर तो पट्टी नीट करून दाखवतो. भोंदूला विचारला तर तो तुमची श्रद्धा मोजायला लागतो. आपल्यासमोर रोज कुणी ना कुणी रेघ धरतं, आजाराची, बाजारभावाची, मतांची, कशाचीही. ती चढते की उतरते हे मागाहून. आधी कडेला जा आणि आकडे वाचा. दोन आकड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का ते बोटाने मोजा. बोट प्रत्येकाकडे असतं, आणि त्याला कुणाची दीक्षा लागत नाही.